पाच आसनी जॅझ देऊन दोन आसनी हायब्रिड गाडी घ्यावी का?

संत्राबाग (वरुड तालुका)

सर्वांना नमस्कार. मी वरुड तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. सहा एकर संत्र्याची बाग आहे आणि उरलेल्या वावरात कपाशी व तूर असते. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलगी पुण्याला आणि मुलगा बंगळूरला स्थिरावला असून घरात आता आम्ही दोघे आणि माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई असे तिघेच आहोत. माझ्याकडे २०१६ सालची होंडा जॅझ आहे, १.२ लिटर पेट्रोल, १ लाख १२ हजार किलोमीटर चाललेली. या गाडीने मला कधी दगा दिलेला नाही. मागची बैठक वर उचलून मी तिच्यातून फवारणीचे पंप, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, खताच्या गोण्या आणि संत्र्याचे क्रेट वाहिले आहेत, आणि त्याच गाडीतून मुलीच्या लग्नाच्या पत्रिका तीन जिल्ह्यांत वाटल्या आहेत.

२०२४च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मावसभावाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. त्याच्याकडे होंडाची सीआर-झी ही दोन आसनी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर असलेली गाडी आहे, २०१२ सालची आणि सहा गियरची. मी पंचवीस वर्षे ट्रॅक्टर, जीप आणि जॅझ चालवली आहे, तरी त्या गाडीत बसल्यावर मला जे वाटले ते यापूर्वी कधीच वाटले नव्हते. आसन जमिनीलगत, स्टिअरिंग हाताला घट्ट, गियरचा दांडा आखूड आणि नेमका. स्पोर्ट मोडचे बटण दाबले की वेगदर्शकाभोवतीचे कडे लाल होते आणि पायाखालची ओढ लगेच वाढते. गियर उजव्या हाताने टाकावे लागत होते, त्यामुळे पहिला अर्धा तास मी चुकत होतो, परंतु त्यानंतर गाडी परत द्यावीशीच वाटेना. पत्नी शेजारी बसली होती. तीही म्हणाली की इतक्या वर्षांत आपण दोघेच असे कुठे फिरलो नव्हतो.

परत आल्यापासून हा विचार डोक्यातून जात नाही. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मावसभाऊ ती गाडी मला द्यायला तयार आहे, तर ती भारतात आणता येईल का? ते शक्य नसेल तर इथे मिळणाऱ्या गाड्यांपैकी तिच्या जवळ जाणारी कोणती आहे? आणि मुळात जॅझ देऊन अशी गाडी घेणे माझ्यासारख्या खेड्यात राहणाऱ्या माणसाला शोभेल का, म्हणजे निभेल का? आईला मी त्या गाडीचा फोटो दाखवला तेव्हा तिने बराच वेळ पाहून एवढेच विचारले की मी कुठे बसायचे. तो प्रश्न मनाला लागला आहे, म्हणूनच इथे मोकळेपणाने विचारतो आहे.

बंदरवाट (उरण)

संत्राबाग दादा, मी मूळचा दर्यापूरकडचा असून न्हावाशेवा बंदरावर मालाच्या सीमाशुल्काची कामे करणाऱ्या एका कार्यालयात सोळा वर्षे काम करतो आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे, ती गाडी आणता येणार नाही.

वापरलेली मोटारगाडी भारतात आणायची असेल तर ती उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, तिचे स्टिअरिंग उजवीकडे असावे, वेगदर्शक किलोमीटरमध्ये असावा, दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला योग्य असावा आणि ती मुंबईच्याच बंदरातून आत यावी, अशा अटी आहेत. तुमच्या मावसभावाची गाडी २०१२ची आहे आणि अमेरिकन असल्यामुळे तिचे स्टिअरिंग डावीकडे आहे, म्हणजे ती पहिल्या दोन अटींवरच अडते. सीआर-झीचे उत्पादन २०१६ साली थांबले, त्यामुळे जपानमधून उजव्या स्टिअरिंगची गाडी शोधली तरी वयाची अट पूर्ण होणे आता अशक्य आहे. शिवाय जपानमध्ये आणि युरोपात ही गाडी मागे दोन अगदी लहान आसने ठेवून विकली गेली. निव्वळ दोन आसनांची सीआर-झी ही मुख्यतः अमेरिकेची, जिथे मागच्या आसनांच्या जागी सामानाचे कप्पे आहेत. म्हणजे तुम्हाला जी आवडली ती नेमकी तीच, जी इकडे कधीच चालणार नाही.

सुटे भाग करून गाडी आणू आणि इथे जोडून देऊ असे सांगणारी माणसे तुम्हाला भेटतील. त्यांच्या नादी कृपा करून लागू नका. अशा गाड्या जप्त होऊन गोदामात वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत, आणि ज्यांचे पैसे त्यात गेले त्यांतले दोघे आपल्याच भागातले शेतकरी होते.

पाना-पकड (हिंगणघाट)

दादा, मी हिंगणघाटला बावीस वर्षांपासून गॅरेज चालवतो आणि गेली काही वर्षे हायब्रिड गाड्यांचे काम शिकून घेतले आहे. तुमचा प्रश्न मला फार आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीआर-झीमध्ये जी हायब्रिड रचना आहे तिचे मूळ होंडाच्या १९९९ सालच्या इनसाइटमध्ये आहे. ती इनसाइटही दोन आसनीच होती, तिचे अंग अॅल्युमिनियमचे होते आणि इंजिन तीन सिलिंडरचे एक लिटरचे. या रचनेत इंजिन आणि गियरबॉक्स यांच्या मध्ये ताटलीसारखी चपटी विजेची मोटर बसवलेली असते. गाडी वेग घेताना ती इंजिनाला हातभार लावते, ब्रेक लावताना किंवा उतारावर तीच जनित्र होऊन बॅटरी भरते, आणि सिग्नलला आपोआप बंद झालेले इंजिन पुन्हा सुरूही तीच करते. मोटर थेट इंजिनाला जोडलेली असल्यामुळे तिच्यासोबत साधा क्लच आणि साधे गियर देता आले, आणि तुमच्या हाताला जो आनंद मिळाला तो त्यामुळेच. सीआर-झीचे इंजिन दीड लिटरचे आहे, मोटर सुरुवातीच्या गाड्यांमध्ये १० किलोवॉटची होती आणि दोन्ही मिळून ताकद १२२ अश्वशक्ती. २०१३ सालापासून निकेलऐवजी लिथियमची बॅटरी आली आणि मोटर १५ किलोवॉटची झाली. एक गोष्ट ऐकून तुम्हाला बरे वाटेल: ही गाडी दुसऱ्या पिढीच्या इनसाइटचा सांगाडा आखूड करून बांधली होती, आणि त्या इनसाइटचे बरेच भाग फिटचे होते. फिट म्हणजे जपानमधली जॅझ. तुमच्या दारातली गाडी तिच्या नात्यातलीच आहे.

आता हायब्रिड म्हणजे हमखास कमी पेट्रोल हा समज बाजूला ठेवावा लागेल. सहा गियरच्या सीआर-झीला अमेरिकन चाचणीत गॅलनला शहरात ३१ आणि महामार्गावर ३७ मैल असे आकडे मिळाले होते, म्हणजे लिटरला साधारण १३ ते १६ किलोमीटर. तुमची जॅझ खुल्या रस्त्यावर याहून कमी देत नसावी. हायब्रिडची बचत ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या विजेतून होते. वारंवार थांबावे लागते अशा शहरात ती भरपूर होते, परंतु समृद्धी महामार्गावर तासाला १२० किलोमीटरच्या वेगाने सलग तीन तास जाताना ब्रेकच लागत नाही, तर वीज परत येणार कुठून?

भारतात आज मिळणाऱ्या पूर्ण हायब्रिड गाड्या वेगळ्या पद्धतीच्या आहेत. होंडा सिटी ई-एचईव्हीमध्ये दोन मोटर आहेत. बहुतेक वेळ इंजिन वीज तयार करते आणि चाके मोटर फिरवते, तर महामार्गावरच्या स्थिर वेगाला इंजिन क्लचमार्फत चाकांना थेट जोडले जाते. मारुतीच्या ग्रँड व्हिटारात आणि टोयोटाच्या हायरायडरमध्ये टोयोटाची ग्रहमालेसारखी फिरणारी दातेरी चक्रांची रचना आहे. या गाड्या शांत आणि काटकसरी आहेत, पण त्यांत पायाने दाबायचा क्लच नाही आणि गियरचा दांडा हाताशी खेळणार नाही. तुम्ही ज्या कारणासाठी वेडे झालात ते कारण यांत मिळणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

पैशाचा हिशेब करू. तुम्ही वर्षाला १२ हजार किलोमीटर फिरता असे धरू. जॅझ लिटरला १७ देत असेल तर ७०६ लिटर पेट्रोल लागेल, हायब्रिड २४ देईल असे धरले तर ५०० लिटर. वाचले २०६ लिटर, आणि १०५ रुपये दराने वर्षाला साडेएकवीस हजारांच्या आसपास. सिटी हायब्रिड २० लाखांच्या आसपास पडते. जॅझचे पैसे वजा जाऊन तुम्हाला १४ लाख जरी घालावे लागले तरी ते पेट्रोलमधून भरून निघायला पासष्ट वर्षे लागतील. बचत हे कारण पुढे करून ही गाडी घेऊ नका. आवडली म्हणून घेतली तर तो वेगळा विषय आहे आणि त्यात काही गैर नाही.

दोन अडचणी मात्र शोरूममध्ये कोणी सांगत नाही. पहिली अडचण उन्हाची. बहुतेक हायब्रिड गाड्यांची मोठी बॅटरी मागच्या बैठकीजवळ किंवा डिकीच्या तळाशी असते आणि पंखा आतल्या खोलीतली हवा खेचून तिला थंड ठेवतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापते. अशा वेळी नियंत्रक बॅटरीचे काम स्वतःहून कमी करतो, त्यामुळे त्या दिवसांत मायलेज घसरते, आणि वर्षानुवर्षे तापत राहिल्यास बॅटरीचे आयुष्यही घटते. त्या पंख्याच्या तोंडाशी जाळी असते. माझ्याकडे आलेल्या एका गाडीची ती जाळी कापसाच्या तंतूंनी पूर्ण बंद झाली होती, कारण मालक सरकीची पोती मागच्या बैठकीवर टाकून नेत असे. दर दिवाळीला आणि दर अक्षय्य तृतीयेला ती जाळी साफ करावी.

दुसरी अडचण उंदरांची. नारिंगी रंगाचे जे जाड वायर दिसतात ते उच्च दाबाचे असतात, त्यांना प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हात लावायचा नसतो. कापूस घरात आला किंवा तुरीच्या गंजी लागल्या की उंदीर गोठ्यातून गाडीत शिरतात आणि वायर कुरतडतात. साध्या गाडीत ते तीनशे रुपयांचे काम असते. हायब्रिडमध्ये वायरचा अख्खा जुडगा बदलावा लागू शकतो, आणि त्यासाठी गाडी नागपूर किंवा अमरावतीला उचलून न्यावी लागते.

पांदण (घाटंजी तालुका)

नमस्कार भाऊ. गाड्यांच्या यंत्राविषयी मला फारसे समजत नाही, परंतु तुमच्या आईचा प्रश्न वाचून लिहावेसे वाटले.

आमच्या घरी तीन वर्षांपूर्वी पाच दारांची छोटी गाडी विकून तीन दारांची, उंच, जीप पद्धतीची गाडी घेतली. यजमानांची फार दिवसांची हौस होती आणि ती पुरी व्हावी असे मलाही मनापासून वाटत होते. पांदण रस्त्याने चिखलातून ती गाडी जशी जाते तशी आधीची कधीच गेली नसती, हेही खरे. परंतु सासूबाईंचे गुडघे दुखतात. पुढचे आसन वाकवून मागे शिरणे त्यांना जमत नाही, म्हणून त्या पुढे बसतात आणि मी मागे. पहिले सहा महिने त्या कुठे जायचे म्हटले की नको म्हणायच्या, आणि त्याचे कारण त्यांनी आम्हाला सांगितले नाही. ते मला फार उशिरा उमगले.

दुसरी गोष्ट अशी की खेड्यातली चारचाकी एका घराची नसते. आमच्या वस्तीवर तीनच गाड्या आहेत. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या मुलीला रात्री दीड वाजता कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला मागच्या बैठकीवर आडवी करून तिची आई आणि आशाताई सोबत घेऊन यवतमाळला नेले, ते दुसऱ्या शेजाऱ्याच्या जुन्या हॅचबॅकमधून. आमची नवी गाडी दारात उभी होती, पण त्या अवस्थेतल्या बाईला तिच्यात चढवणे शक्य नव्हते. यजमान त्या रात्री काही बोलले नाहीत, मात्र सकाळी त्यांनी त्या शेजाऱ्याच्या गाडीत टाकी भरून पेट्रोल टाकून दिले.

तुमच्या गावात किती गाड्या आहेत आणि रात्री हाक येते ती कोणाच्या दाराशी येते, हे तुम्हालाच माहीत. दोन आसनांच्या गाडीत एका रुग्णासोबत दुसरे कोणीच जाऊ शकत नाही. तुमची आई, तुम्ही आणि वहिनी असे तिघे जरी सेवाग्रामच्या रुग्णालयात निघालात तरी एकाला घरी थांबावे लागेल.

सहावा गियर (अचलपूर)

पांदण ताईंचे म्हणणे मला पूर्णपणे पटते, परंतु दादांची बाजूही कोणीतरी मांडली पाहिजे. पंचवीस वर्षे ज्याने खते, पंप आणि क्रेट वाहिले त्या माणसाला गाडी चालवण्याचा निव्वळ आनंद हवासा वाटला, तर त्यात चूक काहीच नाही. आपल्याकडे चांगल्या बैलजोडीवर आणि शंकरपटावर जीव टाकणारी माणसे आहेत, त्यांना कोणी हिशेब विचारत नाही.

तुम्हाला आवडलेल्या गोष्टींची फोड करून पाहा. हाताने टाकायचे गियर, गाडी दाबताच येणारी ओढ आणि इंजिनाला मोटरचा थोडा आधार, या तीन गोष्टी एकत्र हव्या असतील तर मारुती फ्रॉन्क्सची एक लिटर टर्बो पेट्रोल गाडी पाच गियरच्या क्लचसह चालवून पाहा. तिची ताकद १०० अश्वशक्ती आहे आणि तिच्यात सौम्य हायब्रिड रचना आहे, म्हणजे छोटी मोटर पट्ट्याने इंजिनाला जोडलेली असून वेग घेताना मदत करते आणि ब्रेक लावताना वीज परत घेते. सीआर-झीच्या मोटरइतका तिचा जोर नाही, हे मान्य. मात्र तिला पाच दारे आहेत, जमिनीपासूनची उंची १९० मिलिमीटर आहे आणि बाराशे सीसीच्या आतले पेट्रोल इंजिन व चार मीटरच्या आतली लांबी यांमुळे २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. चार मीटरपेक्षा लांब हायब्रिड गाड्यांवर तो ४० टक्के आहे, जो आधी उपकरासह ४३ टक्के होता. आसन मात्र उंचावर आहे. जमिनीलगत बसण्याचे जे सुख तुम्ही अनुभवले ते या गाडीत मिळणार नाही, आणि माझ्या मते आपल्या गावांच्या गतिरोधकांवर ते परवडणारेही नाही.

संत्राबाग (वरुड तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे मी दोनदा वाचली आणि पत्नीलाही वाचून दाखवली.

बंदरवाट भाऊ, तुम्ही दार बंद केलेत ते बरे झाले, कारण ते किलकिले राहिले असते तर मी आणखी वर्षभर तिथेच घुटमळत राहिलो असतो. पाना-पकड भाऊंचा हिशेब मी माझ्या वहीत उतरवून घेतला आहे. माझे वर्षाचे फिरणे १२ हजारांपेक्षा कमीच भरते, म्हणजे पेट्रोलचे कारण पूर्णच गळून पडले. पांदण ताई, तुमची गोष्ट वाचल्यावर मी आमच्या आळीतल्या गाड्या मोजल्या. माझ्यासकट दोन आहेत, आणि दुसरी आठवड्यातले पाच दिवस अमरावतीला असते. गेल्या चार वर्षांत रात्रीच्या हाका किती आल्या ते आठवून पाहिले, तर सात आल्या होत्या, त्यांत एक सर्पदंशाची होती. त्या सातही वेळा गाडीत किमान चार माणसे होती.

त्यामुळे जॅझ द्यायची नाही, हे आमचे ठरले आहे. क्लच जड झाला आहे तो बदलून घेतो, चारही टायर नवे टाकतो आणि ती आणखी पाच वर्षे चालवतो. आंबिया बहाराच्या संत्र्यांचे पैसे हाती आल्यावर फ्रॉन्क्स चालवून पाहण्याचे मनात आहे, परंतु ती जॅझच्या बदल्यात घ्यायची नाही, आणि दोन गाड्या झेपतील का हे त्या वेळी बागेकडे पाहून ठरवू. पत्नीने एक वेगळीच गोष्ट सुचवली. न्यू जर्सीत आपल्याला गाडीइतकेच दोघांचे असे फिरणे आवडले होते, तर तेवढे जॅझमध्येही करता येईल, असे ती म्हणाली. पुढच्या रविवारी आईला बहिणीकडे मोर्शीला सोडून आम्ही दोघे चिखलदऱ्याला जाणार आहोत. परतवाड्याच्या पुढचा घाट मी आजवर नेहमी कोणाला तरी पोहोचवायला म्हणूनच चढलो आहे.

पाना-पकड भाऊ, एकच विचारायचे राहिले. उंदरांचा त्रास माझ्याकडेही आहे, कारण गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी असते आणि मागच्या वर्षी त्यांनी हेडलाइटची वायर तोडली होती. जॅझसाठी काय करावे?

पाना-पकड (हिंगणघाट)

दादा, गाडी ढेपेच्या आणि सरकीच्या पोत्यांपासून दूर उभी करा, कारण उंदीर आधी त्यांसाठी येतात आणि मग गाडीत राहतात. रात्री गाडी आणून लावली की इंजिन थंड होईपर्यंत बॉनेट उघडे ठेवा, कारण त्यांना ऊब आणि अंधार या दोन्ही गोष्टी लागतात. इंजिनाखाली जिथून वाट आहे तिथे बारीक छिद्रांची लोखंडी जाळी कोणताही वेल्डर बसवून देईल. फक्त रेडिएटरपुढची हवेची वाट बंद होऊ देऊ नका. तंबाखूच्या पुड्या ठेवण्याचा उपाय लोक सांगतात, परंतु त्याचा गुण चार दिवसच येतो. आणि घाटात जाण्याआधी क्लच बदलून घ्या, नंतर नको. जड झालेला क्लच चिखलदऱ्याच्या वळणांवर जळला तर परतवाड्यापर्यंत गाडी ओढून आणावी लागेल.